इंजिनाचा घसा मोकळा करणारा गणिती : सर स्टॅन्ली हूकर

वांद्र्यात मेकॅनिकलला शिकणाऱ्या पोराला गाड्यांचं वेड लागायला फार काही करावं लागत नाही. रविवारी रात्री कार्टर रोडला किंवा रेक्लमेशनला जाऊन नुसतं उभं राहायचं. खाली बसवलेल्या पोलो, ऑक्टेव्हिया, गुरगुरणारे एक्झॉस्ट आणि बॉनेट उघडून चाललेल्या चर्चा! चाकणच्या कारखान्यातली टर्बो पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण तिच्यावर जीव टाकणारे काही कमी झालेले नाहीत. या चर्चांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. थ्रॉटल बॉडी केवढी टाकायची? आणि मॅनिफोल्ड कुठला? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : जेवढं मोठं तेवढं चांगलं. स्टॉकला पन्नास मिलिमीटरची असेल तर साठची टाका, साठची असेल तर सत्तरची. इंजिन जास्त हवा पिईल, जास्त ताकद देईल. विषय संपला.

आमच्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये इनटेकचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी गप्पांचा नाही, बजेटचा आहे. पैसे एकदाच खर्च करता येतात. थ्रॉटल बॉडीवर घातले तर प्लेनमला उरत नाहीत. या प्रश्नाचं सगळ्यात समाधानकारक उत्तर मला मिळालं ते एका चरित्रात, आणि तेही अशा माणसाच्या, ज्याचं नाव विमानांच्या इतिहासात घेतलं जातं. शिवाय हा माणूस शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर नव्हताच. तो होता गणिती. त्यांचं नाव सर स्टॅन्ली हूकर. एम-थ्रीचा पेपर कुठल्या जन्माचं पाप म्हणून आपल्या वाट्याला आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर हा लेख जरूर वाचावा!

हूकर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०७ रोजी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या शीअरनेस या गोदीच्या गावी झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले. विषय गणित, आणि त्यातही खास ओढा हायड्रोडायनॅमिक्सकडे, म्हणजे द्रव कसा वाहतो याच्या गणिताकडे. तिथून एरोडायनॅमिक्सची गोडी लागली आणि ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात दाखल झाले. १९३५ मध्ये तिथून डॉक्टरेट मिळाली. पुढे ब्रिटिश नौदलाच्या संशोधन खात्यात नोकरी. इथपर्यंतची कथा एखाद्या प्राध्यापकाची वाटते, इंजिनवाल्याची नाही. हातात पाना नाही, अंगावर ऑइलचे डाग नाहीत.

मग जानेवारी १९३८ मध्ये हे गृहस्थ डार्बीच्या रोल्स-रॉईस कारखान्यात रुजू झाले. कारखान्याचे सर्वेसर्वा होते अर्नेस्ट हाइव्ह्ज. हाइव्ह्ज खालून वर आलेले, हाताने काम करत मोठे झालेले. समोर बसलेला हा ऑक्सफर्डचा डॉक्टर फारसा इंजिनिअर दिसत नाही, असा शेरा त्यांनी तोंडावरच मारला. तरीही घेतलं. गंमत म्हणजे घेतल्यावर काम काहीच दिलं नाही. वाटेल तिथे हिंडा, वाटेल ते बघा. आपल्याकडे इंटर्नशिपला गेलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात जसं वाटतं तसंच हूकर यांना वाटलं असणार. सगळे कामात, आणि आपण मात्र रिकामे.

हिंडता हिंडता ते सुपरचार्जरच्या टेस्टिंग विभागात पोहोचले आणि तिथले चाचण्यांचे अहवाल वाचायला बसले. सुपरचार्जर म्हणजे काय ते आधी थोडक्यात सांगतो, कारण टर्बोचा तो सख्खा भाऊ. दोघांचं काम एकच : हवा दाबून इंजिनात कोंबणं. टर्बोचा पंखा एक्झॉस्टच्या गॅसवर फिरतो, तर सुपरचार्जरचा पंखा इंजिनच्याच ताकदीवर, गिअर किंवा पट्ट्याने फिरतो. रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं, व्ही आकाराचं. त्याच्या मागच्या बाजूला गिअरवर चालणारा सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर बसवलेला. विमान जसं वर जातं तशी हवा विरळ होते, इंजिन धापा टाकायला लागतं. म्हणून हवा दाबून द्यायची. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांमध्ये हेच इंजिन होतं, आणि युद्ध दाराशी येऊन ठेपलं होतं.

हूकर यांनी अहवालातले आकडे घेतले आणि आपल्याला येत होतं ते केलं : गणित मांडलं. पंख्याच्या आत हवा कशी वळते, कुठे तिचा वेग वाढतो, कुठे वेगाचं दाबात रूपांतर होतं आणि कुठे ती ऊर्जा नुसतीच घुसळण्यात वाया जाते. त्यांचं उत्तर असं निघालं, की हा सुपरचार्जर जेवढं देऊ शकतो त्यापेक्षा बरंच कमी देतोय. एवढी मोठी कंपनी, हे यांना आधीच माहीत असणार असं समजून त्यांनी ते कागद विभागाचे जाणकार जेम्स एलर यांच्यासमोर ठेवले. एलर हे सुपरचार्जरमध्ये मुरलेले इंजिनिअर. त्यांनी कागद पाहिले, आणि थोड्याच दिवसांत सुपरचार्जरच्या सुधारणेचं काम या नवख्या माणसाकडे सोपवण्यात आलं. एलर यांच्या मनाचा मोठेपणाही इथे लक्षात घ्यायला हवा. स्वतःच्या प्रांतात शिरलेल्या पोराला हाकलून देणं किती सोपं होतं!

आता मुख्य मुद्दा. ताकद कुठे गळत होती? पंखा आणि त्याच्याभोवतीचा डिफ्युझर यांत सुधारणेला जागा होतीच. पण मोठी चोरी पकडली गेली ती पंख्याच्या आधीच. मर्लिनमध्ये हवा खालून यायची, कार्बोरेटरमधून वर चढायची आणि मग एका आखूड एल्बोमधून काटकोनात वळून पंख्याच्या मध्यभागी शिरायची. जागा वाचवण्यासाठी तो एल्बो आवळून बसवलेला होता. हवा त्या वळणावर चेंगरायची, आतल्या बाजूने भिंत सोडायची आणि पंख्यावर वेडीवाकडी आदळायची. म्हणजे पंखा कितीही गुणी असला तरी त्याला घास नीट मिळतच नव्हता. हूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग नव्याने आखला, पंखा आणि डिफ्युझरही सुधारले. यातून मर्लिन २० आणि मर्लिन ४५ ही इंजिनं आली. पहिलं १९४० मध्ये हरिकेनमध्ये बसलं, दुसरं १९४१ मध्ये स्पिटफायरमध्ये.

इथे थ्रॉटलची एक खास गोष्ट सांगायला हवी. मर्लिनमध्ये थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी होता. जमिनीजवळ हवा दाट, त्यामुळे थ्रॉटल पूर्ण उघडला तर इंजिनात इतका दाब जाईल की पेट्रोल ठोके द्यायला लागेल आणि पिस्टन फुटतील. म्हणून खाली उडताना थ्रॉटल अर्धवट मिटूनच ठेवावा लागायचा. जसजसं वर जाल तसतसा तो उघडत जायचा, आणि एका विशिष्ट उंचीवर पूर्ण उघडायचा. ती त्या इंजिनाची फुल थ्रॉटल उंची. त्याच्या वर गेलं की ताकद उतरत जाणार, कारण उघडायला आणखी काही शिल्लकच नाही. जुन्या मर्लिनची ही उंची सुमारे १६ हजार फूट होती. मार्ग आणि पंखा सुधारल्यावर ती सुमारे १९ हजार फुटांवर गेली. इंजिन तेच २७ लिटरचं. सिलिंडर वाढवला नाही, पिस्टन वाढवला नाही. हवाई लढाईत ज्याच्याकडे उंची त्याच्याकडे जीव. तेव्हा हे तीन हजार फूट वैमानिकासाठी काय असतील याची कल्पनाच करा.

आता हे गणित आपल्या वांद्र्याच्या रस्त्यावर आणू. समजा १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ६००० आरपीएमला फिरतंय. फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा घेणार. मिनिटाला ३००० वेळा १.२ लिटर, म्हणजे ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. हल्लीच्या टर्बो गाड्यांत थ्रॉटल टर्बो आणि इंटरकूलरच्या नंतर असतो. तिथे हवा आधीच दाबलेली. टर्बोने दुप्पट वजनाची हवा पाठवली, पण तिची घनताही जवळजवळ दुप्पट झाली. त्यामुळे थ्रॉटलमधून जाणारं आकारमान तेच राहतं, सेकंदाला ६० लिटर! टर्बो बसवला म्हणून थ्रॉटल दुप्पट लागतो हा समज इथेच कोसळतो. ५० मिलिमीटरच्या बोअरमधून या हवेचा वेग येतो सेकंदाला सुमारे ३० मीटर. आवाजाच्या वेगाचा दहावा हिस्साही नाही. अगदी ती सगळी गतिज ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी दाबाचं नुकसान दोन बारपैकी जेमतेम अर्धा टक्का. साठची थ्रॉटल बॉडी टाकून वाचवणार काय, तर त्या अर्ध्या टक्क्यातला थोडा भाग.

आता टर्बोच्या आधीची नळी बघा. तिथे हवा अजून दाबलेली नाही, त्यामुळे आकारमान जवळजवळ दुप्पट, सेकंदाला ११५ लिटरच्या आसपास. त्याच ५० मिलिमीटरच्या नळीत वेग जातो ५८ मीटरच्या पुढे. तिथे एअर फिल्टर बसवायच्या नादात कोणी कडक काटकोनी वळण दिलं असेल, तर एका वळणात सुमारे दोन टक्के दाब गेला. आणि कॉम्प्रेसर काय करतो? जे येईल त्याला गुणतो. प्रेशर रेशो दोन असेल, तर आत दोन किलोपास्कल कमी आले की बाहेर चार कमी होतात. गाडीचा ईसीयू ती तूट भरून काढतो म्हणा, पण टर्बोला जास्त पळवून, म्हणजेच हवा जास्त तापवून. शिवाय वळणावरून आलेली घुसळलेली हवा पंख्यावर तिरकी पडते ते वेगळंच. हूकर यांचा एल्बो तो हाच. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी तो आपल्या बॉनेटखाली तसाच बसलाय, आणि आपण पैसे घालतोय थ्रॉटल बॉडीवर.

मोठा थ्रॉटल फुकटही पडत नाही. बोअर मोठा असला की पेडल थोडंसं दाबताच बरीचशी हवा आत जाते. म्हणजे पहिल्या इंचात गाडी उडी मारते आणि नंतरच्या पेडलला काही अर्थ उरत नाही. ट्रॅफिकमध्ये एस. व्ही. रोडला अशी गाडी चालवून बघा! मॅनिफोल्डचंही तेच. प्लेनम अवाढव्य केला तर तो भरायला वेळ लागतो, टर्बोचा लॅग वाढल्यासारखा वाटतो. उलट सगळ्या सिलिंडरना सारखी हवा मिळते की नाही हे फार कमी जण बघतात. शेवटच्या सिलिंडरला जास्त हवा आणि तेवढंच पेट्रोल मिळालं, तर तो लीन होणार, आणि बूस्टखाली पहिला पिस्टन तोच जाणार. आमच्या फॉर्म्युलाच्या गाडीत तर नियमाने पेट्रोलसाठी २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लावावा लागतो. त्यातून सेकंदाला फार तर ७४ ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते, कारण तिथे हवेने आवाजाचा वेग गाठला की पुढे दार बंद. थ्रॉटल केवढाही लावा, आकडा बदलत नाही. कमवायचं ते रिस्ट्रिक्टरच्या पुढच्या उतारात आणि प्लेनमच्या आकारात. म्हणून आमच्या टीममध्ये मी थ्रॉटलच्या कॅटलॉगऐवजी प्रत्येक वळणावरचा प्रेशर ड्रॉप मोजायचा आग्रह धरला. सगळ्यांना तो आवडतो असं नाही! कॅटलॉग चाळण्यात जी मजा आहे ती मॅनोमीटर वाचण्यात नाही.

पण आपण पुन्हा डार्बीला जाऊ. १९४१ च्या शरद ऋतूत जर्मनांचं फॉके-वुल्फ १९० हे नवं विमान आकाशात आलं आणि स्पिटफायरवाल्यांची झोप उडाली. उत्तर हूकर यांच्या विभागात तयार होत होतं, तेही दुसऱ्याच कामासाठी. उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बरसाठी दोन टप्प्यांचा सुपरचार्जर बनवायचं काम चालू होतं. एका पंख्याने दाबलेली हवा दुसऱ्या पंख्याला द्यायची. टर्बो बसवायचा पर्यायही समोर होता, पण त्याचे पाइप, वजन आणि लहान विमानात लागणारी जागा बघता हूकर यांचा हिशेब गिअरवरच्या सुपरचार्जरच्या बाजूने पडला. दोनदा दाबलेली हवा भयंकर तापते, म्हणून इंजिनात शिरण्याआधी तिला पाण्याने थंड करणारा कूलर जोडला. आपल्या गाडीतल्या इंटरकूलरचा हा थोरला भाऊच. या कामात जेफ्री वाइल्ड हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. एवढं सगळं करून इंजिन फक्त नऊएक इंचांनी लांब झालं. मग हेच इंजिन स्पिटफायरमध्ये बसवून पाहायची कल्पना निघाली, ती हाइव्ह्ज यांची असं सांगतात. जुलै १९४२ मध्ये मर्लिन ६१ घेऊन स्पिटफायर ९ लढाईत उतरलं. उंचावर त्याचा वेग सुमारे ७० मैलांनी वाढला होता. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलेल्या अशाच दोन टप्प्यांच्या मर्लिनने मस्टँग विमानाला बर्लिनपर्यंत जाऊन लढण्याची ताकद दिली.

या काळातली आणखी एक बाब मला फार आवडते. जर्मन इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये इंजेक्ट व्हायचं आणि मर्लिनमध्ये साधा कार्बोरेटर. विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की मर्लिन गचके खायचं. त्यावर तात्पुरता पण नामी उपाय काढला तो बिअ‍ॅट्रिस शिलिंग या महिला इंजिनिअरने, १९४१ मध्ये, पेट्रोलच्या वाटेत एक छोटी भोकाची चकती बसवून. तरी रोल्स-रॉईसने कार्बोरेटर लगेच का सोडला नाही? कारण पंख्याच्या आधी सोडलेलं पेट्रोल वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेतं. हवा सुमारे २५ अंशांनी थंड होते आणि तेवढीच दाट होते. जुनाट वाटणाऱ्या वस्तूमागेही असा हिशेब असू शकतो. १९४१ मध्येच हूकर यांनी दोन सहकाऱ्यांसोबत सुपरचार्ज केलेल्या विमान इंजिनाच्या कामगिरीचं गणित एका अहवालात मांडलं. जमिनीवरच्या चाचणीवरून कुठल्याही उंचीवरची ताकद कशी काढायची, ते त्यात होतं.

युद्धाच्या मध्यावर त्यांच्या आयुष्याला दुसरं वळण लागलं. १९४० मध्ये त्यांनी फ्रँक व्हिटल यांचं जेट इंजिन पाहिलं आणि ते भारावून गेले. हाइव्ह्ज यांना मात्र त्या इंजिनाचा काही शे पौंडांचा थ्रस्ट किरकोळ वाटला. हूकर यांनी पुन्हा गणित काढलं : पूर्ण वेगात उडणाऱ्या स्पिटफायरला मर्लिनचा पंखा जेवढा ओढतो, तो जोरही साधारण तेवढाच भरतो. एवढ्यावर हाइव्ह्ज यांची खात्री पटली. १९४३ पासून बार्नोल्ड्सविकच्या कारखान्यात हूकर यांच्या देखरेखीखाली वेलंड, डरवेंट आणि नीन ही जेट इंजिनं तयार झाली. यातलं नीन पुढे ब्रिटिश सरकारने सोव्हिएत संघाला विकलं आणि त्याच्यावरून मिग-१५ चं इंजिन बनलं. राजकारण कुठे नेऊन ठेवतं बघा!

ज्या हाइव्ह्ज यांनी त्यांना घडवलं त्यांच्याशीच पुढे बिनसलं. जानेवारी १९४९ मध्ये हूकर यांनी रोल्स-रॉईस सोडून ब्रिस्टल कंपनी गाठली. तिथे त्यांच्या पदरात पडलं प्रोटियस नावाचं आधीच आखलेलं आजारी इंजिन. आणि नियतीचा खेळ असा, की या इंजिनातही दुखणं निघालं इनटेकच्याच वळणात. प्रोटियसमध्ये हवा मागे जाऊन पूर्ण उलटी वळून इंजिनात शिरायची. १९५६ मध्ये ब्रिटानिया विमानाच्या चाचण्या उष्ण प्रदेशातल्या उंच ढगांतून होऊ लागल्या, तेव्हा त्या वळणावर बर्फ साचायचा, त्याचे गोळे सुटून आत जायचे आणि इंजिनातली ज्वाला विझायची. सगळा मार्ग बदलायला वेळ नव्हता. विझलेली ज्वाला आपोआप पुन्हा पेटवणारे ग्लो प्लग बसवून काम निभावलं, पण विमान वर्षभर रखडलं आणि गिऱ्हाइकं हातची गेली. आधी आखलेल्या एका बाकाची किंमत नंतर कितीजणांना मोजावी लागते, याचा हा धडा मी डोक्यात पक्का करून ठेवलाय.

ब्रिस्टलमधल्या याच वर्षांत हूकर यांचं काम भारतात पोहोचलं. ऑर्फियस नावाचं छोटं, साधं जेट इंजिन त्यांच्या हाताखाली तयार झालं. नॅट हे चिमुकलं लढाऊ विमान याच इंजिनावर उडायचं. १९७१ मध्ये श्रीनगरच्या आकाशात निर्मलजितसिंग सेखों यांनी परमवीरचक्र मिळवलं ते नॅटमध्ये बसून. १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं आपलं एचएफ-२४ मारुत, त्यातही दोन ऑर्फियस. त्यानंतर आलं पेगॅसस. चार तोंडं फिरवून विमान जागच्या जागी उभं उचलणारं हे इंजिन हॅरियरमध्ये बसलं. आपल्या नौदलाची सी हॅरियर विमानं १९८३ पासून २०१६ पर्यंत सेवेत होती. त्यांचा तळ गोव्याला, आणि त्यांना घेऊन फिरणाऱ्या विक्रांत आणि विराट या दोन्ही जहाजांचं घर आपली मुंबई. विराट ६ मार्च २०१७ रोजी इथेच निवृत्त झालं. आपल्यापैकी कितीजणांनी लहानपणी नौदल दिनाला मान वर करून हॅरियर पाहिलं असेल! त्यामागे हूकर यांचा हात होता, हे मला खूप उशिरा कळलं.

कहाणी इथे संपायला हवी होती. पण ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉईस कंपनी चक्क बुडाली. आरबी-२११ या नव्या इंजिनाने तिला खाल्लं होतं : खर्च आवाक्याबाहेर गेलेला आणि इंजिन ठरलेली ताकद देत नव्हतं. हूकर तेव्हा ६३ वर्षांचे, निवृत्त. त्यांना परत बोलावलं गेलं. ते आले, आणि येताना आपल्यासारखेच निवृत्त झालेले मर्लिनच्या काळातले जुने सवंगडी घेऊन आले. ही म्हातारी मंडळी रोज बसून एकेक दुखणं शोधायची, तरुण इंजिनिअरांच्या पाठीशी उभी राहायची. १९७२ मध्ये इंजिनाला प्रमाणपत्र मिळालं आणि ते ट्रायस्टार विमानातून प्रवासी घेऊन उडू लागलं. आजची ट्रेंट मालिकेतली इंजिनं याच आरबी-२११ च्या घराण्यातली. १९७४ मध्ये हूकर यांना सर हा किताब मिळाला.

२४ मे १९८४ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. नाव काय ठेवावं? नॉट मच ऑफ अ‍ॅन इंजिनिअर! हाइव्ह्ज यांचा १९३८ सालचा तो शेरा त्यांनी ४६ वर्षं जपून ठेवला होता आणि शेवटी अभिमानाने पुस्तकाच्या कपाळावर लावला.

मित्रहो, आपल्या वर्कशॉपमध्ये दोन जमाती असतात. एकीला पाना धरता येतो आणि दुसरीला इंटिग्रेशन. दोघी एकमेकींना हसतात. पाना धरणाऱ्यांना वाटतं की हे पुस्तकी किडे, यांना गाडीतलं काय कळतं? आणि पुस्तकवाल्यांना मनातून वाटत राहतं की आपण खरे इंजिनिअर नाहीच. हूकर यांनी मर्लिन स्वतःच्या हाताने खोललं की नाही याला महत्त्व नाही. ज्यांचे हात त्यात मुरले होते त्या एलर यांनी त्यांचे कागद वाचले आणि या गणित्याने त्यांचे चाचणीचे आकडे वाचले, म्हणून तो एल्बो सापडला. दोघांतला एक जरी तोंड फिरवून बसला असता, तरी घसा आवळलेलाच राहिला असता.

तेव्हा यंदा नवी थ्रॉटल बॉडी किंवा मॅनिफोल्ड मागवण्याआधी एवढं करा. फिल्टरपासून व्हॉल्व्हपर्यंतचा हवेचा सगळा रस्ता कागदावर काढा. प्रत्येक तुकड्यात वेग किती ते लिहा. टर्बोच्या आधीची वळणं लाल पेनाने दाखवा. दोन ठिकाणी भोक पाडून प्रेशर मोजा, त्याला फार खर्च येत नाही. जिथे सगळ्यात जास्त गळतंय तिथे आधी हात घाला, मग तिथे थ्रॉटल निघो, नाहीतर दीडशे रुपयांचा रबरी एल्बो निघो. आणि तुमच्या टीममध्ये कोपऱ्यात बसून आकडेमोड करणारा, फारसा इंजिनिअर न दिसणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांचे कागद एकदा बघाच.